काळा पडदा म्हणजे बिघडलेला संगणक नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विंडोज १० या प्रणालीला मिळणारे नियमित मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि प्रोसेसर इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले आणि अजूनही विनातक्रार चालणारे घरगुती संगणक एकाएकी कालबाह्य ठरले. अशा संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकावी, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र तो सल्ला ऐकून कामाला लागलेल्या अनेकांची गाडी पहिल्याच टप्प्यावर अडते, कारण पडद्यावर काहीच दिसेनासे होते. संगणक बिघडला असे समजून माणसे एक तर नवा मॉनिटर विकत घेतात किंवा सगळे यंत्रच भंगारात देतात. हे टाळता येते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या घरचा संगणक २०१४ साली सांगलीतच सुटे भाग जुळवून करून घेतलेला आहे. २०१९ च्या महापुरात जे मोजके सामान आम्ही वेळेत माळ्यावर चढवू शकलो, त्यात तो होता. त्यामुळे त्याच्यावर घरातल्या सगळ्यांचाच जीव आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातीने पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, तयार करून आणले. संगणक सुरू केला, निवडीची यादी दिसली, पहिला पर्याय निवडला आणि काही क्षणांत पडदा काळा झाला. पंखा फिरत होता, हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत होता, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे होती. दुसऱ्या दिवशी यंत्र दुरुस्तीला नेले, तेव्हा तेथील गृहस्थांनी तेच एकदा करून पाहिले आणि डिस्प्ले गेला आहे, चित्र तयार करणारे ग्राफिक्स कार्ड उडाले असेल किंवा मॉनिटर, आता यात पैसे घालू नका, असे सांगितले. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्यांच्यासमोर येणाऱ्या काळ्या पडद्यांपैकी बरेचसे खरोखरच सुट्या भागांच्या बिघाडाचे असणार.

मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. घरी परतताना एक प्रश्न मनातून जाईना: मॉनिटर गेला असेल, तर अर्ध्या मिनिटापूर्वी त्याच मॉनिटरवर निवडीची यादी कशी दिसली? जी केबल, जे कार्ड आणि जो पडदा ती यादी दाखवू शकतो, तो यादीनंतर तीन सेकंदांत मरत नाही. म्हणजे सुटे भाग शाबूत होते आणि बिघाड त्यांना चालवणाऱ्या आज्ञावलीत होता. म्हणून वाचकांनी काळ्या पडद्यापुढे सर्वांत आधी पाहावे ते हे, की पडदा नेमका कोणत्या क्षणी काळा झाला. चालू करताच दिसणारे मदरबोर्डचे चिन्हसुद्धा येत नसेल, तर केबल, वीजपुरवठा, रॅम किंवा कार्ड यांत शोध घ्यावा. चिन्ह दिसते, यादी दिसते आणि त्यानंतर अंधार होतो, तर दोष बहुधा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या आज्ञावलीचा, असतो. हे निरीक्षण करायला पैसा लागत नाही आणि पेचकसही लागत नाही.

असे का होते, हेही समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी लिनक्समध्ये पडद्याचा आकार आणि मांडणी ठरवण्याचे काम चित्रमय भाग सुरू झाल्यावर होत असे. २००९ च्या सुमारास हे काम खुद्द कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, सुरुवातीलाच आपल्या हाती घ्यायला आरंभ केला. इंटेल आणि एएमडी यांच्या बहुतेक ग्राफिक्ससाठीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्यामुळे तेथे सहसा अडचण येत नाही. एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांसाठी मात्र कर्नलमध्ये ‘नूवो’ नावाचा ड्रायव्हर असतो. तो बव्हंशी स्वयंसेवकांनी, कार्डांचे कामकाज बाहेरून अभ्यासून, लिहिलेला आहे. हे काम मला फार आदरणीय वाटते, पण प्रत्येक कार्डाशी त्याचे जुळतेच असे नाही. न जुळल्यास कर्नल पडद्याचा ताबा घेतो आणि त्याच क्षणी चित्र नाहीसे होते.

यावरचा उपाय एका शब्दाचा आहे. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर जी यादी येते, तीत पहिल्या पर्यायावर पट्टी ठेवून कीबोर्डवरचे ‘ई’ हे इंग्रजी अक्षर दाबावे. काही ओळी दिसतील. त्यांपैकी ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत शेवटाकडे ‘क्वाएट स्प्लॅश’ असे दोन शब्द असतात. त्यांच्या जागी ‘नोमोडसेट’ असे लिहावे. त्याची इंग्रजी अक्षरे एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी अशी असून ती सलग, लहान लिपीत लिहायची आहेत. मग एफ १० ही कळ दाबली की संगणक त्या सूचनेसह सुरू होतो. या शब्दाचा अर्थ एवढाच, की पडद्याची मांडणी बदलू नकोस, संगणक सुरू होताना जी साधी मांडणी मिळाली आहे तीच चालू दे. ज्यांना ओळ बदलण्याची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी मिंटच्या यादीत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ आणि उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या यादीत ‘सेफ ग्राफिक्स’ असा तयार पर्याय असतो. आमच्याकडे हा शब्द घालताच चित्र आले. त्यावेळी अजून काहीही स्थापित केलेले नव्हते. पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवून पाहता येते आणि आपण सांगेपर्यंत ते हार्ड डिस्कला हात लावत नाही. म्हणून स्थापनेचे बटण दाबण्याआधी घरातले फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. पुराचे पाणी पाहिलेल्या सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

येथे थांबणे मात्र चुकीचे ठरते. ‘नोमोडसेट’ ही तात्पुरती कुबडी आहे. ती कायम ठेवली, तर पडदा बहुधा १०२४ गुणिले ७६८ अशा जुन्या आकारात अडकतो, अक्षरे फुगीर दिसतात, व्हिडिओ अडखळतो आणि मग लिनक्स हळू आहे असा ग्रह होतो. स्थापना झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना हा शब्द पुन्हा एकदा घालावा लागू शकतो. यादी आपोआप दिसली नाही, तर नव्या पद्धतीच्या मदरबोर्डवर एस्केप आणि जुन्यावर शिफ्ट ही कळ वापरावी. त्यानंतर इंटरनेट जोडून मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ किंवा उबुंटूमध्ये ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडावे आणि शिफारस केलेला ड्रायव्हर बसवावा. घरी ब्रॉडबँड नसेल, तर मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट घेता येते. संगणकात ‘सिक्युअर बूट’, म्हणजे अनोळखी आज्ञावली सुरुवातीलाच अडवणारी सोय, चालू असल्यास ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येऊन दहा सेकंद वाट पाहतो. बहुतेकांची चूक नेमकी येथे होते. त्या दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबून ‘एनरोल’ हा पर्याय निवडावा आणि तोच पासवर्ड द्यावा, नाहीतर बसवलेला ड्रायव्हर लागूच होत नाही.

कार्ड फारच जुने असेल, तर त्याच्यासाठी कंपनीचा ड्रायव्हर आता नव्या आवृत्त्यांत मिळत नाही. अशा वेळी माझे स्पष्ट मत आहे, की प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असल्यास ते कार्ड सरळ काढून ठेवावे आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या जोडणीत लावावी. लिखाण, हिशेब, इंटरनेट आणि चित्रपट यांसाठी तेवढे पुरते. आम्ही शेवटी हेच केले आणि आता नात त्यावर अभ्यास करते. याच्या उलट, कार्ड बसवलेले असताना केबल चुकून मदरबोर्डला जोडलेली असल्यामुळे काहीच न दिसल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत. ती तपासणी आधी करावी.

दुसरा प्रकार आमच्या शेजाऱ्यांकडे घडला. त्यांच्या पडद्यावर चित्र होते, पण ताणलेले, आणि सेटिंगमध्ये योग्य आकाराचा पर्यायच दिसत नव्हता. प्रत्येक मॉनिटर स्वतःची ओळख, म्हणजे आपल्याला कोणते आकार झेपतात याची माहिती, केबलमधूनच संगणकाला कळवत असतो. या माहितीचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटचा असतो आणि जुन्या निळ्या व्हीजीए केबलमध्ये ती १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून जाते. केबल हलक्या प्रतीची असेल, पिन वाकलेली किंवा गंजलेली असेल किंवा मध्ये स्वस्त कन्व्हर्टर लावलेला असेल, तर चित्र येते पण ओळख पोहोचत नाही. संगणक मग सुरक्षित म्हणून लहान आकार निवडतो. शेजाऱ्यांकडे केबल बदलताच प्रश्न मिटला. केबल बदलण्याआधी ते मॉनिटर बदलणार होते.

लॅपटॉपचा पडदा पूर्ण काळा वाटत असेल, तर अंधारात त्यावर तिरकी बॅटरी मारून पाहावी. चित्र अंधुक दिसले, तर प्रणाली चालू असून केवळ मागचा प्रकाश बंद आहे, आणि तो अनेकदा ब्राइटनेसच्या कळांनी परत येतो. मॉनिटरऐवजी टीव्ही जोडल्यावर कडा कापल्या जात असतील, तर तो दोष लिनक्सचा नसून टीव्हीच्या चित्र-आकाराच्या सेटिंगचा असतो.

महोदय, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील शाळांना कोणीतरी वापरून दिलेले संगणकच मिळण्याची शक्यता अधिक असते, आणि ते ठीक करण्यासाठी मिरज किंवा सांगलीला आणण्याचा खर्चही परवडत नाही. अशा शाळेत डिस्प्ले गेला या एका वाक्याने संगणक कोपऱ्यात जाऊन पडतो. माझी विनंती दोन ठिकाणी आहे. जिल्ह्यात संगणकाचे वर्ग चालवणाऱ्यांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी लिनक्सचा एक पेनड्राइव्ह जवळ ठेवावा आणि मॉनिटर किंवा कार्ड गेले असे सांगण्याआधी ते वर सांगितलेल्या पद्धतीने एकदा तपासावे. त्याला पंधरा मिनिटे लागतात आणि त्याचे शुल्क घेण्यास कोणाची हरकत असणार नाही. आणि आपल्या दैनिकात विद्यार्थ्यांसाठी जे पान असते, त्यावर हा एक शब्द आणि तो कोठे लिहायचा हे दाखवणारी छोटी चौकट आपण छापावी. ती कापून संगणकाच्या डब्याला चिकटवता येईल, एवढीच मोठी असली तरी चालेल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
गावभाग, सांगली