त्या आठ जणांची नावं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत झपाटलेल्या घरांच्या सदरात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील व्हिलिस्का गावच्या, १९१२ साली एका रात्रीत आठ जणांचे खून झाले त्या घराबद्दल लेख आला आहे. लेखाखाली चौकट आहे : पुढच्या रविवारी मराठवाड्यातलं एक गाव. ती चौकट वाचून मी हे पत्र लिहायला बसले. माझं माहेर सेलूजवळचं एक खेडं, जिल्हा परभणी. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. सध्या मुलाकडे अमेरिकेत ओमाहाला आले आहे. इथून व्हिलिस्का गाडीने साधारण दीड तासावर आहे आणि गेल्या महिन्यात मी ते घर स्वतः पाहून आले. त्यामुळे दोन्ही गावांबद्दल चार शब्द लिहायचा मला हक्क आहे असं वाटतं.

आपल्या लेखात मुलांचे आवाज आहेत, आपोआप पडणारा दिवा आहे, जिन्यावरची पावलं आहेत. मेलेल्यांचं मात्र एकही नाव नाही. 'एक कुटुंब आणि दोन पाहुण्या मुली' एवढ्यावर भागवलं आहे.

ती रात्र अशी होती. ९ जून १९१२, रविवार. गावातल्या प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये मुलांचा वार्षिक कार्यक्रम होता. आपल्याकडचं स्नेहसंमेलनच समजा. तो बसवला होता त्या घरच्या गृहिणी सेरा मूर यांनी. त्यांची चारही मुलं त्यात होती. दहा वर्षांच्या लेकीने आपल्या दोन मैत्रिणींना रात्री मुक्कामाला बोलावलं होतं. लीना आणि इना, दोघी सख्ख्या बहिणी, गावाबाहेरच्या शेतकऱ्याच्या मुली. कार्यक्रम साडेनऊच्या सुमाराला संपला आणि सगळे चालत घरी आले. मुलींना खालच्या खोलीत झोपवलं, बाकीचे वर गेले.

सकाळी सात वाजता शेजारच्या मेरी पेकमबाईंच्या लक्षात आलं की मूरांच्या घरात हालचाल नाही. त्यांनी दार वाजवलं, हाका मारल्या. उत्तर नाही. मग त्यांनी मूरांच्या कोंबड्या सोडल्या आणि सेराचे यजमान जोसाया मूर यांच्या भावाला फोन करून बोलावलं. मला या सगळ्या हकिकतीत त्या कोंबड्या विसरता येत नाहीत. शेजारीण काय करील? आपली शेजारीणही हेच करील. आत आठ माणसं मेलेली आहेत हे तिला ठाऊक नाही, पण खुराड्यातली कोंबडी ओरडतेय हे तिला ऐकू येतंय.

आठही जणांना अंथरुणातच कुऱ्हाडीने मारलं होतं. कुऱ्हाड मूर यांच्याच घरातली. ती दोघी बहिणी झोपल्या होत्या त्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली सापडली. खोल्यांमधल्या आरशांवर आणि खिडक्यांवर कपडे टाकलेले होते. पलंगाच्या पायथ्याशी रॉकेलचा दिवा होता, काच काढून बाजूला ठेवलेली. त्या कंदिलाच्या काचेवर माझी नजर अडकली, कारण आमच्या घरी काच पुसायचं काम माझ्याकडे होतं. ज्याने ती काढली त्याला उजेड कमी हवा होता आणि त्याला घाई नव्हती. हे काम हाताने केलेलं आहे, हात माणसाचे होते.

मग खुनी का सापडला नाही? आपल्या लेखाने हा प्रश्न विचारलाच नाही आणि मला खरं दुःख त्याचं आहे. बातमी पसरली तशी माणसं घरात शिरली. दुपारी शिपाई येऊन घर मोकळं करेपर्यंत शंभरेक जण त्या खोल्यांतून फिरून गेले असं सांगतात. त्या वेळी बोटांचे ठसे हे शास्त्र नवं होतं. कॅन्सस राज्यातल्या लेव्हनवर्थच्या तुरुंगातून त्यातला जाणकार आला, पण शंभर जणांचे हात फिरल्यावर तो काय शोधणार? कुत्री आणली, ती नोडावे नदीपर्यंत गेली आणि थांबली. दोन-अडीच हजार वस्तीचं गाव, रेल्वेच्या रुळांवरचं. पहाटेची गाडी धरून कोणीही कुठेही गेलेला असू शकतो.

पुरावा पायदळी गेल्यावर उरली ती अफवा, आणि अफवेने गाव फोडलं. फ्रँक जोन्स हे गावातले बडे प्रस्थ, शेती अवजारांचे व्यापारी, राज्याच्या सिनेटचे सदस्य. जोसाया मूर बरीच वर्षं त्यांच्याकडे नोकरीला होते. मग त्यांनी स्वतःचं दुकान काढलं आणि जॉन डियर या अवजारांच्या कंपनीची एजन्सी आपल्याकडे घेतली. धंद्यातलं वैर सगळ्यांना दिसत होतं, त्याला घरातल्या बायकांच्या नावाची कुजबुज जोडली गेली. १९१४ नंतर विल्करसन नावाचा एक खाजगी गुप्तहेर आला. त्याने सांगितलं की जोन्स यांनी मॅन्सफील्ड नावाच्या माणसाला पैसे देऊन हे करवून घेतलं. सभा भरवल्या, तपासासाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली. १९१६ मध्ये मॅन्सफील्डला पकडून ज्यूरीपुढे उभं केलं तर त्या दिवशी तो दुसऱ्या राज्यात कामावर असल्याचं पगाराच्या नोंदवहीतून निघालं. तो सुटला आणि त्याने विल्करसनवर दावा लावून २,२२५ डॉलर भरपाई मिळवली. जोन्स यांच्यावर कधीच काही शाबीत झालं नाही. पण तोपर्यंत गावातले मेथडिस्ट पंथाचे लोक एका बाजूला आणि प्रेस्बिटेरियन दुसऱ्या बाजूला, एवढी फूट पडली होती. कोणाच्या दुकानातून साखर घ्यायची हेही त्यावर ठरत असणार. ज्याने आपलं खेडं निवडणुकीनंतर पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

नंतर केली नावाचे एक फिरते धर्मोपदेशक. ते त्या रविवारी कार्यक्रमाला हजर होते आणि पहाटेच्या गाडीने निघून गेले होते. माणूस अंगाने अगदी किरकोळ आणि मनाने आजारी. १९१७ मध्ये रात्रभर प्रश्न विचारून त्यांच्याकडून कबुली घेतली. ती त्यांनी पुढे नाकारली. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे अकरा जण सोडण्याच्या बाजूने आणि एक विरुद्ध. दुसऱ्या खटल्यात ते निर्दोष सुटले. त्यानंतर त्या आठ जणांसाठी कोणावरही खटला उभा राहिला नाही. आसपासच्या राज्यांत त्याच सुमाराला रेल्वेकाठच्या गावांत अशीच आणखी कुटुंबं मारली गेली होती. एकच माणूस गाडीने फिरत हे करत होता असं मानणारे अभ्यासक आहेत आणि मलाही तेच जास्त पटतं. मला पटून काय उपयोग म्हणा.

आता ते घर. १९९४ मध्ये ते पाडायच्या बेतात असताना एका दांपत्याने विकत घेतलं, वीज आणि नळ काढून टाकले आणि १९१२ साली होतं तसं उभं केलं. १९९८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याचं नाव लागलं. घर जपलं हे चांगलंच केलं, एरवी तिथे आज सोयाबीन असतं. दिवसा तिकीट काढून बघता येतं. रात्री राहायचं तर काही शे डॉलर मोजावे लागतात आणि लोक ते मोजतात. आम्ही दिवसा गेलो. मुलगा म्हणाला, 'आई, तुला भीती वाटली तर बाहेर थांब.' भीती नाही वाटली. जिना अरुंद, वरची खोली उतरत्या छपराची, माझ्या माहेरच्या माडीसारखी, डोकं वाकवून चालावं लागतं. मुलांच्या खोलीत उभं राहिल्यावर माझं लक्ष एकाच गोष्टीकडे गेलं : चार मुलं एवढ्याशा जागेत झोपायची म्हणजे रोज रात्री पांघरुणावरून भांडत असतील. आमच्या सोबत चार तरुण पोरं होती. त्यांच्या हातात लुकलुकणारी यंत्रं. ते हवेला विचारत होते, 'तुला कोणी मारलं? आवाज दे.' खाली लीना आणि इना या दोघी मेल्या त्या खोलीत उभं राहून एक जण हसला. वाईट पोरगा नसेल तो. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की इथे झोपलेली मुलगी तिसरी-चौथीतली होती. २०१४ मध्ये असाच रात्री राहायला आलेला एक माणूस स्वतःच्या छातीत सुरी खुपसून घेऊन रुग्णालयात गेला. ती बातमीसुद्धा लोकांनी भुताच्या खात्यावर मांडली.

तिथून गावच्या दफनभूमीत गेलो. तिथे यंत्रं घेऊन कोणी नव्हतं. दगडावरची नावं मी मोठ्याने वाचली, वर्गात हजेरी घेतात तशी. सूनबाई बाजूला उभी राहून रडत होती.

आता माझ्या गावाकडचं सांगते. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी दहा वर्षांची होते. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. आम्हाला शाळेत सुकडी मिळायची. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मानवतला पोरींचे आणि बायांचे मुडदे सापडायला लागले. ते १९७४ च्या जानेवारीपर्यंत थांबलं नाही. मानवत आमच्यापासून काही लांब नाही. आमच्या गावात काय काय बोललं जायचं! धरणाच्या पायाला बळी लागतो. मुंजाला पोरीचं रक्त लागतं. रात्री पांढऱ्या कपड्यातलं कोणी तरी वेशीवर फिरतंय. आम्ही पोरी परसाकडेसुद्धा चौघी-चौघी मिळून जायचो. शाळा सुटली की मास्तर वेशीपर्यंत सोबत यायचे. पाणी आणायच्या वाटेवर मारुतीच्या पारामागे पिंपळ होता. माय म्हणायची, 'त्याच्या खालून जाऊ नको बाई, लांबून ये.' मी डोक्यावर कळशी घेऊन उन्हात लांबचा फेरा घालायची. कितीतरी वर्षं पिंपळाला भ्यायले मी. लग्न झाल्यावरसुद्धा.

आणि पिंपळाने काय केलं होतं? तपास झाला तेव्हा माणसं निघाली. कारण म्हणून पुढे आलं ते गुप्तधन. पिंपळावरच्या मुंजाला संतुष्ट करायचं आणि जमिनीतलं धन काढायचं, यासाठी लेकरं मारली असा तो खटला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९७७ मध्ये निकाल लागला. काहींना शिक्षा झाली, काही सुटले. पण गाव ज्याला भूत म्हणत होतं त्याच्या नावाखाली माणसं हिंडत होती आणि गाव भुताला भीत होतं म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीला मायने पिंपळापासून सावध केलं, माणसापासून नाही. मायची चूक नव्हती, तिलाही तेच सांगितलं गेलं होतं. २०१३ मध्ये आपल्या राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख करावा लागला. म्हणजे मानवतनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनीही तो शब्द कायद्यात घालायची पाळी होती. नोकरीत असताना माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी जमीन खणून झाली होती, मांत्रिक बसला होता, लिंबं कापलेली होती. पोरीला मी चार दिवस माझ्या घरी ठेवून घेतलं, बापाशी भांडण झालं. पोरीचं काही वाकडं झालं नाही. पण झपाटलेल्या वाड्याच्या गोष्टी ज्या घरात चवीने वाचल्या जातात, त्याच घरात हे खणणं चालतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून संपादकसाहेब, पुढच्या रविवारचं ते मराठवाड्यातलं गाव मानवत असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे की ते या सदरात छापू नका. छापायचंच असेल तर आतल्या पानावर नीट, मोठं छापा. तेव्हा दुष्काळ कसा होता ते लिहा, पोलिसांनी काय केलं ते लिहा, कोर्टाने काय म्हटलं ते लिहा. पिंपळाचं चित्र नको. त्या घरांतली माणसं अजून तिथे राहतात, बाजारात येतात, पेपर वाचतात. त्यांच्या आत्याचं, मावशीचं मरण त्यांनी सकाळच्या चहाबरोबर झपाटलेल्या जागांच्या यादीत का वाचावं?

आणि व्हिलिस्काबाबत एक दुरुस्तीची चौकट द्यावी. नावं अशी : जोसाया मूर, वय ४३. सेरा मूर, ३९. हर्मन, ११. मेरी कॅथरीन, १०. बॉइड, ७. पॉल, ५. लीना स्टिलिंजर, १२. इना स्टिलिंजर, ८. लेखात ती सोमवारची रात्र म्हटली आहे. ती रविवारची होती. सोमवार उजाडला तेव्हा पेकमबाई मूरांच्या कोंबड्या सोडत होत्या.

आपली जुनी वाचक,
निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ता. सेलू, जि. परभणी
(सध्या मुक्काम ओमाहा, नेब्रास्का)