शेत विकायला काढायच्या आधी हे वाचा

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा एकदम म्हणाले की बोरी नदीकाठचं दोन एकर विकायला काढतो आणि तुम्हाला डोंबिवलीच्या नव्या घरात वाढीव जागेचे पैसे देतो, तेव्हा मला काही सुचेचना, नेटवर्क गेलं म्हणून फोन ठेवला. नेटवर्क होतं. म्हणून आता सगळं लिहूनच पाठवतेय, बाबा चष्मा लावून आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं गाळू नका.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय हे नक्की झालंय. जानेवारीत घर रिकामं करायचं, बिल्डर महिन्याला 18 हजार भाडं देणार आणि कागदावर तीन वर्षांत नवीन घर. कागदावर हं, शेजारच्या सोसायटीवाल्यांचं पाचवं वर्ष चालूय. म्हणजे कुठेतरी भाड्याने राहायचंच आहे, मग ते डोंबिवलीतच का, नाशिकला का नाही, एवढाच प्रश्न आहे. तुम्हाला वाटतंय की आम्ही पैशाच्या अडचणीने शहर सोडतोय, तसं नाहीये. उलट पैशाचा हिशोब केला तेव्हा मीच हसले.

बघा. इथे स्टेशनपासून चालत जाता येईल असा टू बीएचके 24 हजार सांगतात, म्हणजे बिल्डरचं भाडं धरून आमच्या खिशातले 6 जाणार. नाशिकला इंदिरानगरमध्ये तेवढंच घर 15 ला बघून आलोय, म्हणजे उलट 3 उरणार. झाला 9 हजारांचा फरक. चिऊची शाळा महिन्याला दीड हजाराने स्वस्त, म्हणजे फरक साडेदहा हजार. इथपर्यंत जावईबापू खूश होते. मग मी माझा पगार घातला, कारण ठाण्याचं ऑफिस घरून काम करू देतंय पण 6 हजार कमी करून. मग ह्यांचं आठवड्यातून दोनदा मुंबईला जाणं आणि एक रात्र मित्राकडे मुक्काम, अडीच हजार. मग माझ्या स्कूटीचं पेट्रोल बाराशे, कारण तिथे लोकल नाही, मेट्रो नाही, सिटीलिंकची बस आपल्या वेळेला येईल याची खात्री नाही आणि रिक्षावाले मीटर टाकतच नाहीत, सरळ आकडा सांगतात. उरले किती, 800 रुपये. आठशे! आणि लोक म्हणतात नाशिक स्वस्त आहे. भाडं स्वस्त आहे, बाकी दूध, तेल, डॉक्टर सगळं इथल्यासारखंच, भाजी तेवढी चांगली मिळते.

मग का जायचं? बाबा, मी गेली अकरा वर्षं सकाळी 8 च्या लोकलला दारात लटकून ठाण्याला जातेय, उतरायला मिळेल की नाही हे कल्याणची गर्दी ठरवते. घरी येते तेव्हा चिऊ अर्धी झोपलेली असते. आणि 2024 च्या मे महिन्यात एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा आपल्या खिडक्यांच्या काचा थरथरलेल्या, तुम्ही दिवसभर फोन करत होतात. त्यानंतर कधी रात्री केमिकलचा वास आला की मी उठून आधी चिऊची खिडकी लावते. हे त्या हिशोबात कुठे लिहू सांगा.

नाशिकचं सगळं गोड आहे असंही समजू नका. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या आसपास नाशिकरोडहून, संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून परत, म्हणजे ह्यांचा तो दिवस गाडीतच जाणार, आणि पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की संपलं. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळ आमण्यापर्यंत सुरू झालाय पण दर वेळी टोल भरून कोण जाणार. 2027 चा कुंभमेळा आहे, रस्ते खणलेत, आणि घरमालकाला आत्ताच कुंभाचं भाडं दिसायला लागलंय, 11 महिन्यांच्या पुढे करारच करत नाही. शिवाय बिबट्या! ब्रोकरने तर तेही सहज सांगितलं, मॅडम इकडे सहसा येत नाही. सहसा.

खरी अडचण सासूबाई आहेत. म्हणजे त्या अडवत नाहीत, तेच जास्त लागतं. 1999 ला पाडव्याची पहिली शोभायात्रा निघाली तेव्हा त्या लेझीम घेऊन होत्या, भजनी मंडळ, फडके रोडची दिवाळी पहाट, गणपती मंदिर, तीस वर्षांचे डॉक्टर, सगळं चालत्या अंतरावर. परवा मला म्हणाल्या, तिकडे भजनाला पेटी वाजवणारं कोणी असेल का गं. मी असेल म्हटलं. मला माहीत नाहीये. म्हणून ठरवलंय की पहिले दोन महिने त्यांना नणंदेकडे ठाकुर्लीला ठेवायचं, मग त्या येतील, नाही रमल्या तर 11 महिन्यांनी आपण परत. नवीन घर होईपर्यंत इथेच भाड्याने राहू.

आई, तू आता लगेच म्हणशील जवळ येतेय. येतेय गं, मालेगाव, धुळे करत पाच तासांत अमळनेर, चाळीसगावला उतरून एसटीची वाट बघणं संपलं. पण दर शनिवारी येईन असं धरून बसू नकोस, ह्यांच्या आईला एकटं टाकून मी तुझ्याकडे आले तर लोकांचं सोड, मलाच बरं वाटणार नाही. तुम्ही या. गुडघ्यांचे डॉक्टर तिथे दाखवू, आणि नाशिकच्या सिडकोत तर निम्मं खान्देश राहतं, भाजीवालीशी अहिराणीत भांडशील.

आणि बाबा, वाढीव जागेचं. आत्ता पैसे भरले तर दोनशे चौरस फूट जास्त मिळतील, बरोबर आहे. पण तीन वर्षांनी आम्ही तिथे राहणार की नाही हेच ठरलेलं नसताना दोन एकर देऊन ते काय करायचं? शेत गेलं की तुम्ही सकाळी सायकल घेऊन कुठे जाणार, ते आधी मला सांगा. तलाठ्याकडे जाऊन आला असाल तर परत जा आणि नाही म्हणून या.

घरमालकाला 20 तारखेपर्यंत सांगायचंय, त्याच्या आधी फोन करा, ओरडायचं असेल तर रविवारी करा, घरी असते. दादर ज्वारी निघाली की दहा किलो बाजूला काढून ठेव आई, इकडची ज्वारी थापताना तुटते.

तुमची,
ताई