गप्पीची लाइन शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

"गप्पी माशाला पिल्लं झाली त्यात तुझं कर्तृत्व काय?" मी कौतुकाने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला तेव्हा तुम्ही हे विचारलंत. राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण आज चारचौघांत तुमचे आभार मानायचे तर सुरुवात त्या प्रश्नापासूनच करायला हवी. नर-मादी एका टाकीत असले की महिन्याभरात पिल्लं होणारच, तीही अंडी नाहीत तर थेट पोहणारी. खरं काम त्यानंतर सुरू होतं, हे मला तुमच्यामुळे कळलं.

तुमची नोकरी हिवताप विभागातली. आरोग्य केंद्रामागच्या हौदात गप्पी वाढवायचे आणि डासांच्या अळ्या खायला विहिरींत, टाक्यांत सोडायचे. ते साधे, मातकट मासे. निवृत्तीनंतर तुम्ही फुल रेडच्या, म्हणजे लालभडक शोभेच्या गप्पीच्या नादी लागलात, पण नजर हौदावरचीच राहिली. शेपटीचं कौतुक नंतर, आधी मासा खातो कसा, पोहतो कसा, पाठ सरळ आहे का, ते बघायचं.

सोसायटीत बोअरच्या पाण्याच्या नावाने सगळे बोटं मोडतात. नळावर पांढरे थर, डाळ शिजत नाही. तुम्ही म्हणालात, "आपल्याला जड, त्याला मानवतं." क्षाराचं पाणी, सामू सात ते आठ, तापमान पंचवीसच्या आसपास, आणि एक स्पंज फिल्टर. दुकानदाराने गळ्यात मारलेल्या बाटल्या तुम्ही एकेक करून बाजूला काढायला लावल्यात.

पिलावळीच्या पिंजऱ्यालाही तुमचा विरोध. पोट चौकोनी दिसायला लागलेली, पोटामागचा, शेपटीकडचा डाग काळपट झालेली मादी त्या चिमुकल्या डबीत कोंडली की घाबरते आणि दिवस भरायच्या आत पिल्लं टाकते. त्यापेक्षा हॉर्नवर्ट आणि जावा मॉस या पाणवनस्पती दाट लावा, पिल्लं आपोआप लपतात. सगळी वाचत नाहीत. "सगळी वाचवून ठेवणार कुठे?" हेही तुमचंच.

पण माझ्या लेखी सर्वांत मोठं शिक्षण म्हणजे आइस्क्रीमचा पांढरा डबा. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की त्यात थोडं पाणी, थोडी पिल्लं, वरून टॉर्च आणि हातात भिंग. पोटाखालचा, शेपटीच्या आधीचा पर बघायचा. मादीचा पंख्यासारखा पसरट राहतो, नराचा हळूहळू निमुळता होत काडीसारखा होतो. मादीच्या पोटामागे डागाची पुसट सावली तेव्हाच दिसायला लागते. तुम्ही चष्मा कपाळावर सारून म्हणायचात, "ही मादी. हा नर. हा अजून ठरवतोय." जो ठरवतोय तो नरांच्या टाकीत, कारण शंका असेल तर मादीकडे ठेवायचा नाही. एवढी घाई का, तर नराने एकदा गाठलं की मादी त्याचं बीज कित्येक महिने साठवते आणि नर समोर नसतानाही वेतामागून वेत देत राहते. म्हणजे दुकानातून आणलेली मादी कुणाचा वंश पोटात घेऊन आली हे देव जाणे. तुम्ही म्हणून तर मला मोठी मादी दिलीच नाहीत. कोवळ्या, वेगळ्या वाढवलेल्या माद्या दिल्यात, आणि त्यांच्यासाठी नर निवडायला मला तुमच्या टाकीसमोर तासभर बसवलंत. मी सर्वांत मोठ्या शेपटीच्या नराकडे बोट दाखवलं. तुम्ही नुसती मान हलवलीत. शेपूट ओढत पोहणारा नर मादीच्या मागे धावेल कसा?

पिल्लांच्या खाण्याचं, आर्टेमियाचंही तसंच. हे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. उलट्या बाटलीत मिठाचं पाणी, त्यात त्यांची अंडी, खालून हवा, चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी ठिपके उजेडाकडे गोळा होतात. ते सुती फडक्यात गाळून, गोड्या पाण्याने धुऊन पिल्लांना द्यायचे. पहाटे उठून तुम्ही हे करायचात आणि काकू म्हणायच्या, नातवंडांचं दूध एवढं वेळेवर कधी तापलं नाही.

एका बाबतीत मात्र तुम्ही कडक. वाढलेले मासे सोसायटीतली पोरं ओढ्यात सोडायला निघाली तेव्हा तुम्ही जिन्यातच अडवलंत. ज्या माणसाने उभी हयात गप्पी सोडले तोच नको म्हणतोय, याची पोरांना गंमत वाटली. पण बंद विहीर वेगळी आणि वाहता ओढा वेगळा. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा आणि त्रिनिदादचा. आपल्या ओढ्यातले छोटे मासेही अळ्या खातात, त्यांच्या जागेत हा पाहुणा घुसवायला नको. म्हणून जास्तीचे मासे मी ओळखीच्यांना देतो, नाहीतर दुकानात परत.

भावंडांतच पुढची वीण चालवली की काही पिढ्यांनी मासे खुजे आणि अशक्त होत जातात, म्हणून तुम्ही एकाच फुल रेडच्या दोन ओळी, म्हणजे दोन वंश (लाइन), वेगवेगळ्या राखायला सांगितल्या होत्या. त्या मी राखल्या आहेत. आता पहिल्या ओळीचा नर दुसऱ्या ओळीच्या माद्यांना लावायचाय, आणि निवड तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय मला करवत नाही. तुम्ही मुलाकडे नाशिकला गेल्यापासून फोटो पाठवतो खरा, पण पाठीचा बाक फोटोत कळत नाही. डिसेंबरात मासे घेऊन स्वतःच येतो. तिकडे थंडी जास्त, तेव्हा हिटर आदल्या रात्रीच लावून ठेवा.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा