'डोळे आले' लिहिण्याआधी बुबुळ पाहा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात असता, त्याच सुमारास काटोल-उमरेडच्या वावरांत तुरीची कापणी लागते. तुरीचे धसकट नाहीतर पऱ्हाटीची काडी डोळ्याला लागते, डोळा लाल होतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कागदावर 'डोळे आले' एवढेच चढते. 2023 च्या पावसाळी साथीत ते ठीक होते. काडी लागलेल्या एकाच डोळ्याला नव्हे.

प्रत्येक केंद्राला फ्लुरोसिनच्या (बुबुळावरची जखम दाखवणाऱ्या रंगाच्या) पट्ट्या आणि निळ्या उजेडाचा टॉर्च द्या, एवढीच मागणी.

आधी नजर. एकेक डोळा झाकून 6 मीटरवरचा तक्ता वाचून घ्यायचा; गर्दीत नेमके हेच राहून जाते. डोळे आलेल्याला चिपडे पुसली की साफ दिसते, बुबुळावर जखम असलेल्याला बहुधा नाही. मग लाली कुठे ते पाहायचे. पापणीच्या आत जास्त असेल तर डोळे आलेत; बुबुळाभोवती कडे धरले असेल तर जखम, आतली सूज किंवा वाढलेला दाब. बाहुली मोठी, उजेडाला न हलणारी, सोबत डोकेदुखी आणि उलट्या, म्हणजे काचबिंदूचा झटका. त्याला पित्ताची गोळी देऊन घरी धाडू नये.

आता पट्टी. तिच्यावर सलाईनचा एक थेंब, खालच्या पापणीच्या आत हलका स्पर्श, दोन-तीन वेळा उघडझाप, मग निळा उजेड. बुबुळाचा वरचा थर सोलला असेल तेवढेच हिरवे चमकते. फांद्या फुटलेली रेघ दिसली तर हर्पिस विषाणूची जखम. काडी लागलेली असून जखम करडी, कोरडी, कडा पिसासारख्या असतील, तर बुरशी धरूनच चालावे. रंगाची बाटली मात्र पाठवू नका, उघड्या बाटलीत जंतू वाढतात.

हिरव्या चमकलेल्या डोळ्यात केंद्रातून स्टिरॉइडचा थेंब जाता कामा नये. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मिसळलेल्या थेंबांनी दोन दिवसांत लाली उतरते, माणूस पुन्हा कापणीला लागतो. बुरशी तेवढ्यात खोल जाते. मग नागपुरातले मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठेपर्यंत डोळ्यात फूल पडलेले असते. औषध दुकाने अन्न व औषध प्रशासनाकडे येतात, मान्य. पण केंद्रातली चिठ्ठी आपल्याच खात्याची आहे.

पट्ट्या नोव्हेंबरातच पोचाव्यात. कापणीनंतर आल्या तर कपाटातच राहतील.

आपले,
नागपुरातील काही नेत्रतज्ज्ञ