पेटी डिकीत मावेना

कोथरूड, पुणे

चि. सानिका हिस अनेक आशीर्वाद.

‘बाबा, त्या चॅटबॉटला खरंच कळतं का?’ हा तुझा प्रश्न. आधी आत काय चालतं ते बघ. तू ‘पुणे’ टाइप करतेस तेव्हा चार चिन्हं जातात: प, उकार, ण आणि मात्रा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, प्रत्येकाला ३ बाइट, एकूण १२. चॅटबॉटमागचं मॉडेल मजकुराचे तुकडे पाडतं, प्रत्येकाला क्रमांक देतं आणि पुढे कुठला तुकडा येण्याची शक्यता किती, याचा हिशेब करतं. एक निवडायचा, मागे जोडायचा, पुन्हा हिशेब. सुटी अक्षरं त्याला दिसत नाहीत, म्हणून जोडाक्षरं मोजताना ते गडबडतं. त्यावरून त्याला ‘ढ’ ठरवू नकोस. तो चष्म्याचा दोष आहे.

तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये मांडलेली खोली तुला माहीत आहे: चिनी न येणारा माणूस नियमांची वही बघून चिनी चिठ्ठ्यांना बिनचूक उत्तरं देतो, पण त्याला चिनी कळत नाहीच. अर्थ न कळता रामरक्षा घडाघडा म्हणावी तसं. पण रामरक्षावाला नव्या प्रश्नाला अडतो, वहीवाला अडत नाही. म्हणून मला ती खोली अर्धीच पटते.

त्यापेक्षा सर्वनामाचं कोडं घाल. इंग्रजीतलं ट्रॉफी-सुटकेसचं कोडं (‘ट्रॉफी सुटकेसमध्ये मावत नाही, कारण “इट” फार मोठं आहे’; हे ‘इट’ कोण?) जसंच्या तसं आणू नकोस. तो चषक, ती सुटकेस, लिंगावरूनच उत्तर फुटतं. दोन्ही नामं एकाच लिंगाची हवीत. ‘पेटी स्कूटरच्या डिकीत मावेना, कारण ती मोठी होती.’ कोण मोठी? मग ‘मोठी’ऐवजी ‘लहान’ घाल, उत्तर उलटायला हवं. (पेटी म्हणजे हार्मोनियम, ट्रंक समजलं तर तेही टिपून ठेव.) तेवढ्यावर थांबू नकोस, असली कोडी उत्तरांसकट नेटवर पडलेली आहेत. पुढे विचार: दाबून बसवली तर? पेटीऐवजी उशी असती तर? दर वेळी नवं चॅट उघड, नाहीतर आधीच्या उत्तराच्या आधाराने पुढचं येतं. प्रत्येक प्रश्न निदान पाचदा विचार. तुकडा निवडताना थोडा फासाही टाकलेला असतो. शेवटी बरोबर उत्तरावर नुसतं ‘नक्की?’ म्हण. लगेच माफी मागून बदललं, तर पकड कच्ची.

हे झालं समजण्याचं. मनाचं वेगळं. ‘मला वाईट वाटलं’ असं ते लिहितं, त्यावरून काहीच ठरत नाही; माणसांनी लिहिलेली तशी वाक्यं त्याला ढिगाने घोटवलेली आहेत. ते तपासायची चाचणी माझ्याकडे नाही.

उशीचं काय उत्तर आलं ते कळव.

तुझा,
बाबा