आठ झाले, चार उरले

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर आईच्या केमोचा विषय काढला की आई भाजीचे भाव सांगायला लागते आणि बाबा, तुमचा आवाज चढतो. म्हणून लिहितेय.

आई, मागच्या खेपेला तू भाकरी उलटत होतीस. बोटाला टम्म फोड आला होता आणि तुला पत्ताच नव्हता. जिना उतरताना चप्पल वर राहिली, तीन पायऱ्यांनी तुला कळलं. ब्लाउजचे हूक बाबा लावून देतात. आणि डॉक्टरांनी हातापायांना मुंग्या येतात का विचारलं तर म्हणालीस, "बरं आहे." रात्री मात्र माझ्याजवळ म्हणालीस, "बास झालं गं आता."

बाबा, तुमची भीती कळते मला. स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, तरी एखादी पेशी कुठे लपली असेल तर ती मारायला हे केमो. लाल औषधाचे चार डोस झाले, आता दर आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलचे बारातले आठ. मध्येच सोडलं तर आधीचं वाया जाईल, असं तुम्ही म्हणता. तसं नसतं, झालेल्या आठांनी त्यांचं काम केलंय. मिलानच्या डॉक्टरांनी १९७६ साली ऑपरेशननंतरच्या केमोचे निकाल छापले, तेव्हा बारा फेऱ्या दिल्या होत्या. पुढे त्यांनीच सहा देऊन पाहिल्या, गुण तेवढाच आला. औषधं वेगळी होती, त्यामुळे आपण आपल्या मनाने चार कापायचे नाहीत. पण बारा म्हणजे बाराच, असा हट्टही धरू नका.

हे औषध नसांवर जातं. डोस वाढतील तसा बधिरपणा वाढतो. थांबल्यावर बऱ्याच जणींचा हळूहळू उतरतो, काहींचा राहूनच जातो. डोस कमी करता येतो, पुढे ढकलता येतो, औषध बदलता येतं, थांबवताही येतं. पण आईने खरं सांगितलं तरच डॉक्टर काही करतील ना? शिवाय तिची गाठ हार्मोनवर वाढणारी होती, केमोनंतर हार्मोनला रोखणारी रोजची गोळी निदान पाच वर्षं आहेच.

मला विचाराल तर आधी डोस कमी करून बघावा. पण बोटं आईची आहेत. सगळं ऐकून ती "नको" म्हणाली, तर बाबा, तोंड फिरवून बसू नका. तुम्हाला वाईट वाटेल म्हणूनच ती गप्प आहे.

शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसने येते. सोमवारी डॉक्टरांकडे तिघंही जाऊ. तोवर आईला तव्याजवळ जाऊ देऊ नका, कडक भाकरी विकत आणा, शेंगाचटणी घरात आहेच. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांची मिरवणूक बघायला उभी राहणार म्हणतेय ना ती? मागे पट्टा असलेली चप्पल घेऊन येतेय.

तुमची लेक