शेक चालू असताना माणूस जेवतो कसा, हेही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रेडिएशनला आमच्याकडे सगळे ‘शेक’च म्हणतात. मशीनवर तो रोज दहा-पंधरा मिनिटांत होऊन जातो. आठवड्याचे पाच दिवस, आणि तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाला साधारण सहा-सात आठवडे. मशीन आपलं काम करतं, डॉक्टरही मन लावून करतात. पण उरलेल्या दिवसभरात तो माणूस काय खातो, रात्री झोपतो का, थुंकी गिळतानासुद्धा त्याच्या डोळ्यांत पाणी येतं का, हे कुणी विचारत नाही. त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, शाळेचे गणवेश शिवते. माझे यजमान यंत्रमागावर कामाला. त्यांना गालाचा कर्करोग झाला. आधी ऑपरेशन झालं, मग शेक. रात्रपाळीत झोप लागू नये म्हणून तंबाखू-सुपारीचा मावा खायचे. ‘खाल्लं ते भोगा’ असं लोक आमच्या तोंडावर बोलले. व्यसन वाईटच, पण दुखणाऱ्या माणसाला असं बोलून त्याचं दुखणं कमी होतं का?

पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतं. येतं म्हणजे आतली कातडी सोलवटते, पांढरे चट्टे पडतात, लाळ आधी चिकट होते आणि मग आटते. चव जाते. ज्याचं आयुष्य ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर गेलं, त्याला पाणीसुद्धा झोंबायला लागतं. आमच्या घरात चुलीपासून सगळं बदललं. तिखट बंद, आंबट बंद. गरम काही नाही, सगळं कोमट. मऊ भात मुगाच्या वरणात कालवून मिक्सरमधून काढायचा. नाचणीची पेज, रव्याची खीर, दुधात कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं वरणात घोटून. दाण्याचं कूट दुधात बारीक वाटून, गाळून. थोडं थोडं, दर दोन तासांनी. एक लिटर कोमट पाण्यात लहान चमचाभर मीठ आणि तेवढाच खायचा सोडा घालून दिवसातून बऱ्याचदा गुळण्या. जेवणाआधी तोंड बधिर करणारं जेल मिळतं, ते लावलं की चार घास जास्त जातात. यातलं बरंचसं आम्हाला कळलं ते बाकावर शेजारी बसलेल्या इतर रुग्णांच्या बायकांकडून. फाईलमध्ये एक छापील कागद होता, तो इंग्रजीत.

सोलापुरात इंग्रजी कागद का द्यावा, मला कळत नाही. आमच्या गल्लीत अर्धी घरं तेलुगू बोलतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना कन्नड जास्त जवळची. मराठी, तेलुगू, कन्नड अशा तीन भाषांत मोठ्या अक्षरांचा एक कागद छापायला असा काय खर्च येणार आहे? आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोच कुणीतरी बसून समजावून सांगायला हवा.

खाणं हा फक्त आरामाचा प्रश्न नाही, हे मला फार उशिरा सांगण्यात आलं. शेक देताना चेहरा हलू नये म्हणून जाळीचा एक मास्क करतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवतात, ती गार झाली की घट्ट होते. रोज तोच मास्क लावून झोपवतात. माणूस खूप वाळला तर मास्क सैल होतो आणि कधी कधी सगळं मोजमाप पुन्हा करावं लागतं. म्हणजे पोटात अन्न न जाणं हे थेट उपचारालाच बाधतं. तोंडाने अजिबात जात नसेल तर नाकातून नळी घालतात. नळीचं नाव काढलं की घरचे घाबरतात, ‘आता शेवट आला’ म्हणून रडायला लागतात. ती काही दिवसांची सोय आहे, तोंड बरं झालं की काढता येते, हे आधीच शांतपणे सांगितलं तर किती माणसं उपाशी राहायची वाचतील! नळीतून भरवताना रुग्णाला बसवायचं, भरवून झाल्यावर थोडं पाणी सोडायचं, अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही, हेही हाताला धरून शिकवायला हवं.

मानेची कातडी काळी पडते, मग सोलते. आमच्याकडे कुणी प्रेमाने हळद सांगितली, कुणी खोबरेल. डॉक्टरांना न विचारता शेकाच्या जागी काहीही लावायचं नसतं. साबण नाही, ब्लेडने दाढी नाही, ऊन तर मुळीच नाही. आणि सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे पारा बेचाळीसच्या पुढे. शर्टाची कॉलर त्या जागी घासून रक्त येतं, म्हणून मी त्यांना जुन्या मऊ धोतराचे बिनकॉलरचे, पुढून पूर्ण उघडणारे सदरे शिवून दिले. मग बाकावरच्या आणखी काही जणांना दिले. ज्या रुग्णालयाला हवे असतील त्यांना आम्ही गल्लीतल्या बायका मिळून शिवून द्यायला तयार आहोत. कापड तेवढं द्यावं.

एक गैरसमज फार छळतो. माझ्या मुलीने सुरुवातीला नातवाला आजोबांजवळ येऊ दिलं नाही, ‘किरणं लागतील’ म्हणून. बाहेरून मशीनने दिलेला शेक अंगात साठून राहत नाही. रुग्णाला कवटाळा, लेकरू मांडीवर द्या, काही होत नाही. नातू मांडीवर आला त्या दिवशी यांनी वाटीभर पेज न सांगता संपवली.

आता वेळेबद्दल. आम्ही जिथे जात होतो त्या ठिकाणाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांचे आमच्यावर उपकार आहेत. पण सकाळी यायचं आणि नंबर कधी लागेल ते माहीत नाही, असं रोज चालायचं. मंगळवेढ्याहून पहाटेच्या एसटीने आलेला माणूस दुपारपर्यंत बसून असायचा. मधे मशीन बंद पडलं तर तेही पोहोचल्यावरच कळायचं. या उपचारात मधे खाडे पडले की गुण कमी येतो, असं डॉक्टर स्वतःच सांगतात. मग प्रत्येकाला ठरलेली वेळ देणं आणि मशीन बंद असेल तर मोबाईलवर निरोप पाठवणं एवढं नक्की जमण्यासारखं आहे.

आमच्या नात्यातली एक मुलगी नर्सिंग शिकते. तिने मला एक प्रश्नावली दाखवली. युरोपातल्या कर्करोग संशोधन संस्थेची, 30 प्रश्नांची, आणि डोकं-मानेच्या कर्करोगासाठी वेगळे 35 प्रश्न. जगभर वापरतात, मराठीतही आहे. गेल्या आठवड्यात झोप लागली का, भूक मेली होती का, गिळताना त्रास झाला का, घरच्यांबरोबरच्या जगण्यावर परिणाम झाला का, पैशाची ओढाताण झाली का. बहुतेक प्रश्नांना उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडा, बराच, खूप. ते वाचताना मला वाटलं, हे आम्हाला एकदा जरी कुणी विचारलं असतं! आपल्याच जिल्ह्यात बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगावचे रुग्ण शोधून त्यांची नोंद ठेवणाऱ्या जिल्ह्याला, शेक चालू असलेल्या रुग्णाला आठवड्यातून एकदा हे प्रश्न विचारणं अवघड नाही. सगळे 65 नको, दहा विचारा. पण उत्तर फाईलमध्ये लिहा, आणि ‘खूप’ असं आलं तर त्याच दिवशी आहारतज्ज्ञाकडे किंवा दुखणं कमी करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवा. दुखतंय म्हटल्यावर सहन करा म्हणणं आता तरी थांबावं. त्यावर औषधं आहेत.

शेक संपल्यावरही दोनेक आठवडे तोंडाचा त्रास वाढतच जातो, हेही सांगायला हवं. सगळं संपलं म्हणून घरी आलेला माणूस तेव्हा जास्त खचतो. तोंड उघडणं कमी होऊ नये म्हणून आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक दातांत धरून व्यायाम करायचा असतो, रोज, अनेक महिने. आमचे हे अजून करतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे उपचाराचा खर्च आमच्यासारख्यांना पेलला, नाहीतर घर विकलं असतं. पण राहण्या-खाण्याचं काय? बाहेरगावच्या रुग्णाने सहा-सात आठवडे कुठे राहायचं? आपल्या शहरात प्रत्येक समाजाचं मंगल कार्यालय आहे, देवस्थानांचे भक्तनिवास आहेत. लग्नाची तारीख नसते तेव्हा खोल्या रिकाम्याच असतात. प्रत्येकाने दोन खोल्या आणि मऊ भात शिजवता येईल एवढी एक शेगडी या रुग्णांसाठी बाजूला ठेवावी. त्यांची यादी आणि फोन नंबर रुग्णालयांच्या दारावर लावण्याचं काम जिल्हाधिकारी कार्यालयाने येत्या उन्हाळ्याआधी करावं, ही विनंती.

आपली,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर
(नाव-पत्ता कळवला आहे, छापू नये.)